काजळी

गाडीची किल्ली फिरवून बाहेर काढली, मुठीत धरली, आणि तरीही इंजिन धडधडतच राहिले, हा अनुभव आजच्या तरुण वाहनचालकांच्या वाट्याला सहसा येत नाही. आमच्या घरी मात्र १९७३ सालच्या उन्हाळ्यात तो रोजचाच झाला होता. वडील गाडी दारात आणून उभी करीत, किल्ली काढीत, खाली उतरत, आणि त्यांच्या पाठीमागे ती गाडी एखाद्या हट्टी मुलासारखी चार-सहा गचके देई, थरथरे, आणि मग कुठे शांत होई. शेजारचे तमिळ गृहस्थ व्हरांड्यातून विचारीत, "काय सार, गाडीत भूत शिरले आहे काय?" वडील हसत, पण ते हसणे वरवरचे असे.

आम्ही त्या वेळी मद्रासमध्ये राहत होतो. या शहराला चेन्नई म्हणण्याची सवय मला अजून पुरती लागलेली नाही, याबद्दल वाचक क्षमा करतील. पेरांबूरचा इंटिग्रल कोच फॅक्टरी हा रेल्वेच्या डब्यांचा कारखाना १९५५ च्या २ ऑक्टोबरला पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला, आणि त्यानंतर लवकरच वडील भुसावळहून बदलून तेथे आले. माझा जन्म मद्रासचाच. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. त्या शहरात या एका हाकेला दोन भाषांचे बळ होते. पुढे आप्पा फोरमन झाले, रेल्वेच्या वसाहतीत बरेसे घर मिळाले आणि १९७१ साली त्यांनी एक वापरलेली स्टँडर्ड हेरल्ड विकत घेतली.

या गाडीविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेरल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, तिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने काढलेला. परंतु १९६१ पासून ती मद्रासजवळच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि आम्हां मद्रासकरांना ती आमच्या घरचीच वाटे. इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. गाडी वळण अगदी थोड्या जागेत घेई. परंतु तिचा खरा गुण निराळाच होता. इतर गाड्यांचे बॉनेट म्हणजे एक झाकण असते. हेरल्डचा मात्र मडगार्डांसकट सगळा पुढचा भागच पुढे कलंडत असे. तो एकदा कलंडला की इंजिन उघड्या मैदानात बसल्यासारखे मोकळे होई, आणि काम करणाऱ्याने पुढच्या चाकावर चौरंगावर बसावे तसे खुशाल बसावे. घरी काम करणाऱ्या माणसाचा असा विचार ज्या कोणी केला असेल त्याला आप्पा मनोमन दुवा देत.

भूत शिरल्याची लक्षणे एवढ्यावरच थांबली नव्हती. रेल्वेवरचा पूल चढताना इंजिनातून कुणी डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येई. पेट्रोल अधिक लागू लागले होते. रस्त्यावरच्या एका गॅरेजात आप्पांनी गाडी दाखविली. तेथील मिस्त्रीने आवाज ऐकला, मान हलविली आणि सांगितले की सिलिंडर झिजले आहेत. बोअर करावे लागेल, पिस्टन नवे, रिंगा नव्या. त्याने जो आकडा सांगितला तो आप्पांच्या दोन पगारांहून मोठा होता. माझ्या बहिणीची शाळेची फी, माझा कॉलेजप्रवेश आणि भुसावळला आजीला जाणारी मनिऑर्डर, या तिन्हींच्या रांगेत गाडी शेवटची होती. आईने एकदाच, स्वयंपाकघरातून, "विकून टाकू या का?" असे विचारले. त्यावर आप्पा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "आधी हेड उघडून पाहू. आत काय आहे ते न पाहता मी कोणाचे मरण मान्य करीत नाही."

इंजिनात काजळी का धरते, हे त्यांनी मला त्या आठवड्यात ज्या रीतीने समजावून दिले ती रीत मला अजून पुस्तकांहून बरी वाटते. आईच्या रॉकेलच्या कंदिलाची वात वर केली म्हणजे काच काळी होते. पेट्रोल जाळायला पुरेशी हवा मिळाली नाही, किंवा रिंगांपासून निसटून थोडे वंगण वर आले, की तेच इंजिनाच्या आत घडते. गाडी थोडे अंतर हळूहळू जाऊन पुरती गरम होण्यापूर्वीच उभी राहते, पुन्हा निघते, पुन्हा उभी राहते. अशा गाडीत तर ते लवकर घडते. हा थर पिस्टनच्या माथ्यावर आणि वरच्या पोकळीत घट्ट बसतो. त्याने जागा व्यापल्यामुळे वायू गरजेपेक्षा अधिक दाबला जातो. शिवाय तो धातूवर पांघरुणासारखा पसरून उष्णता बाहेर जाऊ देत नाही; त्याचे टोकदार कण लाल होऊन निखाऱ्यासारखे धगधगत राहतात. मग ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटते, आणि चढावर खडे हलल्याचा आवाज येतो. किल्ली काढल्यावर ठिणगी बंद होई, पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोल आत ओढले जाणे थांबत नसे. ते त्या निखाऱ्यांवरच पेटत राही. हेच आमच्या गाडीतले भूत. आजच्या गाड्यांत किल्लीबरोबर पेट्रोलही तुटते, म्हणून हे भूत पाहायला मिळत नाही.

काम खंडेनवमीच्या आठवड्यात काढायचे ठरले. तमिळ मुलखात त्या दिवशी आयुधपूजा असते. वाहनांना चंदन, कुंकू, हार आणि चाकाखाली लिंबू. आप्पांचे म्हणणे असे की ज्या हत्याराची पूजा करायची ते आधी स्वच्छ असले पाहिजे. मी सतरा वर्षांचा होतो. शनिवारी दुपारी रेडिएटरचे पाणी सोडले, बॅटरीची तार सुटी केली, कार्ब्युरेटर उतरविला. आठ पुशरॉड निघाले, ते आप्पांनी बुटांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोके पाडून क्रमाने त्यात खोचले, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घातला. जो ज्या जागी झिजला तो त्याच जागी परत गेला पाहिजे, हा त्यांचा दंडक. मग हेडचे नट थोडे थोडे, आळीपाळीने सैल केले. एकदम एकाच बाजूचे सोडले तर हेड वाकडे होते. हेड उचलले तेव्हा आत पाहून मी दचकलो. चार पिस्टन चार चुलींच्या बुडासारखे काळे होते.

आप्पांनी मात्र सिलिंडरच्या भिंतीवरून बोट फिरविले, नखाने वरची कड चाचपली, आणि त्यांचा चेहरा उजळला. झीज होती, पण फार नव्हती. "हा माणूस म्हातारा नाही," ते म्हणाले, "याला फक्त आंघोळ हवी आहे."

ती आंघोळ सोपी नव्हती. प्रथम पाण्याच्या वाटा कागदाच्या बोळ्यांनी आणि पुशरॉडची छिद्रे चिंध्यांनी बंद केली, कारण एक कण जरी खाली तेलात गेला तरी तो बेअरिंगपर्यंत पोहोचतो. मग दोन पिस्टन वर आणायचे, त्यांच्या कडेने ग्रीसची मेढ घालायची म्हणजे सुटलेले तुकडे तीत चिकटतात, आणि खरवडायला लागायचे. खरवडायचे ते लोखंडाने नव्हे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि पोलादापुढे तो लोण्यासारखा मऊ. आप्पांनी डाखाची एक जाड कांडी ठोकून तिचे टोक सपाट केले होते. ती धातूपेक्षा मऊ आणि काजळीपेक्षा कठीण. पिस्टनच्या अगदी कडेची, करंगळीच्या नखाएवढी काजळीची वर्तुळाकार पट्टी मात्र ते मुद्दाम ठेवीत. जुन्या इंजिनात ती पट्टी वर येणाऱ्या तेलाला आडकाठी करते, सगळे लख्ख केले तर गाडी धूर ओकू लागते. स्वच्छतेलाही मर्यादा असते, हे आईला पटवून देताना मात्र त्यांना फार कष्ट पडले असते, म्हणून ते तिच्यासमोर बोलले नाहीत.

रविवारी सकाळी आप्पा आंघोळीला आणि देवपूजेला आत गेले. मला त्यांनी तिसऱ्या आणि दुसऱ्या पिस्टनवर बसविले होते. डाखाची कांडी पुन्हा पुन्हा बोथट होई, काजळी काचेसारखी चिवट. समुद्राकडची हवा अजून सुटली नव्हती आणि उकाड्याने जीव कासावीस झाला होता. शेजारी स्क्रूड्रायव्हर पडला होता. मी तो उचलला. दोन मिनिटांत अर्धा पिस्टन स्वच्छ झाला. मला माझ्या बुद्धीचे कौतुक वाटले. आणि तिसऱ्या मिनिटाला हात निसटून तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर दोन बोटे लांबीची पांढरी, चकचकीत रेघ उमटली.

ती रेघ मी आजही डोळे मिटून काढू शकेन. मी तेलात बोट बुडवून तिच्यावरून फिरविले, त्यावर काजळीची चिमूट चोळली, आणि आप्पा बाहेर येण्यापूर्वी स्क्रूड्रायव्हर होता तेथे ठेवून दिला. त्यांनी तिकडे पाहिले की नाही, हे मला कळले नाही. आम्ही व्हॉल्व्हला पेस्ट लावून, रबरी चोखणीच्या काठीने दोन तळव्यांत रवी घुसळावी तसे घुसळून, बैठकीवर करडी अखंड कडा उमटेपर्यंत घासले. नवे गॅस्केट मी आदल्या दिवशीच जनरल पॅटर्स रोडवरून आणले होते. हेड बसले, मधल्या नटापासून बाहेर अशा क्रमाने आवळले गेले, टॅपेट दहा थाउवर बांधले, आणि खंडेनवमीच्या संध्याकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. किल्ली काढताच ती थांबली. शेजारच्या गृहस्थांनी टाळी वाजविली. आईने चाकाखाली लिंबू ठेवला. मला पेढा गोड लागला नाही.

त्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि पुढे पेट्रोलचे भाव कडाडले. आप्पा कारखान्यात सायकलने जाऊ लागले आणि गाडी रविवारपुरती राहिली. दोन वर्षांनी पुन्हा हेड उघडले. बाकी पिस्टनांवर पातळ, एकसारखा थर होता. तिसऱ्यावर त्या रेघेच्या खोबणीत काजळीने घर केले होते. काळ्यावर काळी अशी ती उठून दिसत होती. आप्पांनी तिच्यावरून बोट फिरविले. माझ्याकडे पाहिले. मग डाखाची कांडी माझ्या हातात दिली, स्वतः उठून चाकावरून बाजूला झाले आणि म्हणाले, "या खेपेला चारही तूच कर." ते सबंध दिवस व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले. मी एकदाही स्क्रूड्रायव्हरकडे पाहिले नाही.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे, कारण जुन्या गाड्यांचे कौतुक करणारे आम्ही लोक ती विसरतो. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. टेट्राएथिल लेड घातल्याने इंजिनातला खडखडाट थांबतो, हा शोध अमेरिकेत टॉमस मिजली याने १९२१ साली लावला आणि जगभर ते पेट्रोलमध्ये पडू लागले. त्यामुळे आमच्या पिस्टनांवर निव्वळ काजळी नव्हती; एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरचा करडा-पिवळट थर म्हणजे शिशाचे क्षार होते. आम्ही तो कोरडा खरवडत होतो, तोंडाने फुंकून उडवीत होतो, आणि माझी सात वर्षांची बहीण चिंध्या पुरवायला शेजारी उकिडवी बसलेली असे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला किती घातक आहे हे आज सर्वांना ठाऊक आहे. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत सर्वत्र बंद झाले. ज्यांच्याकडे अजून त्या काळातले न उघडलेले इंजिन असेल, त्यांनी कृपा करून ते रॉकेलने भिजवून, ओलेच खरवडावे, नाकातोंडावर फडके बांधावे आणि मुलांना घरात ठेवावे. तांब्याच्या पत्र्यातल्या जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असते, तेही कोरडे घासू नये.

त्याच बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरी करतो. २०२३ सालच्या मे महिन्यात, आमच्याकडे कत्तिरीचे ऊन, ज्याला तमिळ लोक अग्निनक्षत्र म्हणतात ते, डोके भाजून काढीत असताना त्याचा दूरध्वनी आला. आवाज दबका होता.

"मामा, तुम्ही आणि आजोबा हेरल्डचे इंजिन घरी उघडत होता ना?"

मी म्हटले, "हो. तुझ्या आईला विचार, चिंध्या ती पुरवीत असे."

"आईला विचारता येणार नाही," तो म्हणाला, "तिला मी गाडी घेतल्याचेच माहीत नाही."

त्याने साठवलेले पैसे घालून माझ्दा कंपनीची आर-एक्स-८ ही जुनी गाडी घेतली होती. चार महिने ती सुरेख धावली. आता गरम असताना सुरू होत नाही, चढावर दम टाकते. तेथल्या एका गॅरेजने सांगितले की इंजिन संपले, नवे बांधावे लागेल. आणि सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होता. मला ते वाक्य कोठेतरी ऐकल्यासारखे वाटले.

आर-एक्स-८ म्हणजे रोटरी इंजिनाची गाडी. मी अशी गाडी मद्रासच्या रस्त्यावर कधी पाहिली नाही, त्यामुळे मला प्रथम तिचे शास्त्र वाचावे लागले, आणि या वयात एखादे इंजिन नव्याने समजून घेण्याचा आनंद काही निराळाच असतो. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, पुशरॉड नाही. भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखी, कमरेत किंचित आवळलेली एक पोकळी. आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक तिकोनी तुकडा. तो स्वतःभोवतीही फिरतो आणि पोकळीच्या कडेकडेनेही फिरतो. आमच्या इकडे इडलीचे पीठ वाटायचा जो दगडी आट्टुकल असतो, त्यातला वरवंटा ज्यांनी कुशल हाताने फिरताना पाहिला आहे त्यांना ही गती चटकन समजेल. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. ते फिरता फिरता लहान-मोठे होतात, आणि ओढणे, दाबणे, पेटणे, सोडणे ही चारही कामे वाटेवरच उरकतात. तिकोन एकदा पुरा फिरला की दांडा तीनदा फिरतो.

जर्मनीच्या फेलिक्स वान्केल यांच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीत असे पहिले इंजिन १९५७ साली फिरले. मोठमोठ्या कंपन्यांनी ही कल्पना घेतली आणि बहुतेकांनी सोडूनही दिली. एक मोठे कारण असे. त्रिकोणाच्या तीन टोकांना धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्या भिंतीवर घासत वायूला अडवून धरतात. त्या थरथरून भिंतीवर ओरखडे पाडीत. जपानमध्ये माझ्दाचे अभियंते या ओरखड्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या मंडळींनी वर्षानुवर्षे खपून त्यावर उपाय काढला, आणि १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट गाडीत ज्या पट्ट्या बसविल्या त्या ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या होत्या. ज्या कार्बनने पुढे या इंजिनांचा छळ मांडला त्यानेच त्यांना प्रथम तारले, हे वाचून मी एकटाच हसलो. १९९१ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या इंजिनाने जिंकली. आर-एक्स-८ चे उत्पादन २०१२ साली थांबले.

छळ का होतो, तेही सरळ आहे. त्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून या इंजिनात थोडे थोडे तेल मुद्दाम आत सोडून जाळले जाते. तेल जळले की काजळी आलीच. त्रिकोणाच्या टोकांशी आणि दोन्ही सपाट अंगांवर पट्ट्यांसाठी बारीक खाचा असतात, मागे स्प्रिंग असतात. खाचेत काजळी भरली की पट्टी आत अडकून बसते, बाहेर येऊन भिंतीला टेकत नाही, आणि दाब निसटतो. या गाडीत तर धूर बाहेर पडण्याच्या वाटाही बाजूच्या भिंतींतच आहेत. कचेरीपर्यंतचे दोन मैल हळूहळू जाऊन उभ्या राहणाऱ्या गाडीत हे लवकर होते. भाचा नेमका तसाच जात होता.

आता प्रश्न एवढाच होता की पट्टी मोडली आहे की अडकली आहे. मोडली असेल तर गॅरेजवाल्याचे खरे. मी त्याला सांगितले, "ठिणगीचे प्लग काढ, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोड, पेडल पूर्ण दाबून स्टार्टर फिरव आणि मला आवाज ऐकव. एका वेळी एकच रोटर." प्लग काढायला त्याला पुढचे चाक उतरवून बाजूने हात घालावा लागला. हेरल्डच्या त्या कलंडत्या बॉनेटची मला फार आठवण झाली.

पुढच्या रोटरचा आवाज दूरध्वनीत स्वच्छ आला: फुस्, फुस्, फुस्, फुस्, सगळे सारखे. मागच्याचा आला: फुस्, फुस्, फस, फुस्, फुस्, फस. दोन भरलेले आणि एक पोकळ.

मी एका पाकिटाच्या मागे त्रिकोण काढून बसलो. टोकाची पट्टी ही दोन कप्प्यांमधली भिंत आहे. ती मोडली तर तिच्या दोन्ही बाजूंचे कप्पे गळणार, म्हणजे दोन पोकळ आणि एक भरलेला असा आवाज आला पाहिजे. येथे उलट होते. एकच कप्पा गळत होता. म्हणजे दोष त्या एकाच बाजूच्या, अंगावरच्या पट्टीत असावा, आणि ती तर काजळीनेच अडकते. मी दोनदा ताडून पाहिले. मग पत्नीला त्रिकोण दाखविला. तिने आट्टुकलाच्या अनुभवावरून मान डोलावली; पण तिला खरोखर पटले की चहा निवत होता, हे मी सांगू शकत नाही.

भाच्याला घाई होती. त्याने कोठेतरी पाहिले होते की गरम इंजिन चालू ठेवून हवेच्या नळीतून पाणी ओढू द्यावे. पाण्याची वाफ होते आणि काजळी तडकून सुटते. हे खरे आहे, तसे करतात. पण पाणी दाबले जात नाही. ते थेंबाथेंबाने न जाता घोटभर गेले तर इंजिनच अडते आणि काहीतरी वाकते. शिवाय काजळीचा मोठा ढलपा एकदम सुटून पट्टीखाली सापडला तर अडकलेली पट्टी मोडलेली होते. मी म्हटले, "जी वस्तू आठ-दहा वर्षांत चिकटली ती एका संध्याकाळी निघावी असा आग्रह का? भिजत घाल."

भिजत घालायला स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल वापरतात. त्यात मळ सोडविणारी द्रव्ये असतात. खालच्या प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे तेल घालायचे, पुढच्या बाजूच्या मोठ्या नटाला पाना लावून दांडा त्याच्या चालीच्या दिशेनेच एक पुरा फेरा फिरवायचा, म्हणजे त्रिकोणाची दुसरी बाजू समोर येते; पुन्हा तेल, पुन्हा एक फेरा. तीन बाजू झाल्या की रात्रभर ठेवायचे. त्याने तीन रात्री ठेवले. दररोज सकाळी, म्हणजे आमच्या मध्यरात्रीनंतर, तो पाना फिरवी आणि मला दोन ओळी लिही: आज घट्ट. आज जरा सैल. मी त्या ओळी सकाळी वाचीत असे आणि वाचण्यापूर्वी, खरे सांगायचे तर, चष्मा पुसत असे.

शनिवारी त्याने आधी भोकांवर फडके धरून स्टार्टर फिरवून जास्तीचे तेल बाहेर काढले. ही पायरी विसरली तर तेलाचेही पाण्यासारखेच होते. प्लग साफ करून बसविले. मी त्याला बजावले होते की धूर फार होईल, गाडी उघड्यावर ढकलून ने, आणि तो धूर एक्झॉस्टमधल्या शोधक यंत्राला फार वेळ सोसत नाही, म्हणून लांबण लावू नकोस. गाडी तेराव्या प्रयत्नाला सुरू झाली. त्याने पाठविलेल्या चित्रफितीत प्रथम गाडी दिसते, मग पांढरा धूर दिसतो, मग काहीच दिसत नाही आणि एका बाईंचा काळजीचा आवाज ऐकू येतो. त्याने त्यांना काय सांगितले ते कळले नाही. अर्ध्या तासाने धूर विरला. इंजिनाचे तेल बदलून तो गाडी लांबच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला आणि फेऱ्यांचा काटा वर चढवून आला. या इंजिनाला अधूनमधून असे मोकळे पळू देणेच चांगले.

रविवारी दुपारी त्याने पुन्हा प्लग काढले आणि दूरध्वनी इंजिनाजवळ धरला. मी पंखा बंद केला, खिडकी लावली. फुस्, फुस्, फुस्. तिसरा अजून पहिल्या दोघांएवढा भरीव नव्हता. पण तो पोकळही राहिला नव्हता. मी त्याला पुन्हा एकदा ऐकवायला सांगितले, आणि मग उगीचच तिसऱ्यांदा.

"मामा, झाले का?" त्याने विचारले.

"सगळे झाले नाही," मी म्हटले, "दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा भिजव. आणि रोज कचेरीला तीच गाडी नेऊ नकोस. दोन मैलांना सायकल पुरते." थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "एक सांगायचे राहिले. पहिल्या दिवशी प्लग काढताना पान्याने एका भोकाचा आटा थोडा दुखावला. फार नाही. तेथे प्लग बसतो, पण मी तुम्हाला बोललो नव्हतो."

मी त्याला आटा साफ करण्याचे हत्यार कोणते आणायचे ते सांगितले, आणि ते कोरडे फिरवू नये, ग्रीस लावून फिरवावे, म्हणजे कीस आत पडत नाही, हेही सांगितले. त्याने पुढल्या आठवड्यात ते केले.

त्यानंतर काही दिवसांनी बहिणीचा पुण्याहून दूरध्वनी आला. "दादा," ती म्हणाली, "याने गाडी घेतली म्हणे. तुला माहीत होते. केवढ्याला घेतली?" मी म्हटले की आमच्याकडे काल संध्याकाळी अवचित पाऊस झाला, आणि हवा बरीच निवली आहे. ती हसली, आणि मग तिने विचारले, आप्पांची ती डाखाची कांडी अजून तुझ्याकडे आहे का. आहे, मी म्हटले. टेबलाच्या खणात आहे.